शनिवारचा गेम चालणार नाही

कंपनीत त्याला सगळे थांबाराव म्हणायचे. कुणी काहीही विचारलं की त्याच्या तोंडून पहिले दोन शब्द ठरलेले असत, "थांबा, बघतो." एकदा नवा साहेब आला आणि ओळख करून घेताना त्याने विचारलं, "तुम्ही इथे किती वर्षं आहात?" तर हा म्हणाला, "थांबा, बघतो." त्या दिवशी जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला ही सवय शोभते. शाफ्टच्या तळाशी उभं राहून, डोक्यावर केबिन टांगलेली असताना ज्याला घाई सुटते, त्याच्याबरोबर काम करायला कुणी तयार होत नाही. घरची गोष्ट वेगळी. पडद्यांचा रंग ठरवायला त्याने इतका वेळ घेतला की बायकोने वैतागून खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, आणि त्या चादरीच पुढे पडदे म्हणून राहिल्या. आता पाहुणे त्यांचं कौतुकही करतात.

तर अशा माणसावर कॉम्प्युटरची सिस्टिम बदलायची की नाही, हे ठरवायची पाळी आली.

कॉम्प्युटर तसा जुनाच. एका ऑफिसने गाशा गुंडाळला तेव्हा तिथली लिफ्ट शेवटची तपासायला तो गेला होता, आणि येताना हा डबा उचलून घेऊन आला. त्यावर तो कामाचे अहवाल लिहायचा, विजेची बिलं भरायचा आणि संध्याकाळी जेवणाआधी थोडा वेळ गेम खेळायचा. गेमही काय, तर फेरीबोटींचा. एक खाडी, खाडीत बेटं, बेटांना धक्के, आणि एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर माणसं, सायकली आणि बकऱ्या पोचवणाऱ्या बोटी. त्यात कुणी मरत नाही. फार तर फार बोट चुकली म्हणून एखादा उतारू कठड्यावर बसून कुरकुरतो. बोट धक्क्याला हलकेच टेकली की त्याला कसं आतून बरं वाटायचं. दिवसभर लिफ्टची केबिन मजल्याच्या फरशीशी बरोब्बर जुळवण्यात गेलेला माणूस तो, त्याला दुसरं काय आवडणार?

एका संध्याकाळी खाडीच्या ऐवजी पडद्यावर एक भलीमोठी सूचना आली. या कॉम्प्युटरवरच्या विंडोजला यापुढे सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, आणि नवी आवृत्ती घ्यायला हा कॉम्प्युटर पात्र नाही. खाली दोन बटणं होती. एक 'अधिक माहिती', दुसरं 'नंतर आठवण करून द्या'. थांबारावने अर्थातच दुसरं दाबलं.

असं तो बरेच दिवस दाबत राहिला. सूचनाही चिवट होती, त्याच्याइतकीच. शेवटी एका दुपारी डबा खाताना त्याने हा विषय पॅनेलवालीकडे काढला.

पॅनेलवाली म्हणजे कंपनीत लिफ्टचे कंट्रोल पॅनेल जोडणारी बाई. वर्कशॉपच्या कोपऱ्यात, रंगीत वायरींच्या जंजाळात ती दिवसभर बसलेली असे. तारांची टोकं सोलता सोलता जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायची, पण ज्यातलं कळत नाही त्यावर मात्र गप्प. म्हणून थांबारावचा तिच्यावर विश्वास होता.

"मग विंडोज काढून लिनक्स टाका की," ती म्हणाली. "फुकट आहे. जुन्या मशीनवर छान पळतं. माझ्या घरी कितीतरी दिवस तेच आहे."

"थांबा, बघतो."

"काय बघता? करता काय त्या कॉम्प्युटरवर, ते सांगा आधी."

"अहवाल. बिलं. आणि..." त्याने पोळीचा तुकडा उगाचच भाजीत फिरवला. "थोडं खेळतो."

"काय खेळता?"

"बोटींचं काहीतरी असतं."

"बोटी बुडवायच्या?"

"छे! वेळेवर पोचवायच्या."

पॅनेलवालीने त्याच्याकडे नीट बघितलं. हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसली नाही. म्हणाली, "मस्त. उद्या पेनड्राइव्ह आणते. कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. आतलं काही पुसलं जात नाही. बोटी चालतायत का बघा, नाही चाललं तर पेनड्राइव्ह काढा, झालं. मशीन होतं तसंच."

काही पुसलं जात नाही, हे वाक्य थांबारावला फार आवडलं. जगातल्या सगळ्या निर्णयांना असा पेनड्राइव्ह असता तर काय बहार होती!

दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्याने तो लावला. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं धावली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग शांत निळा पडदा उजळला. घड्याळ बरोबर, आवाज बरोबर, इंटरनेट एका झटक्यात. त्याने गेमच्या दुकानाचं अ‍ॅप उतरवलं, त्यातून बोटींचा गेम मागवला आणि श्वास रोखून बसला. लोड व्हायला जरा वेळ लागला, पण खाडी आली. त्याचीच खाडी, त्याच्याच बोटी. दुकानाने सगळं इंटरनेटवर जपून ठेवलं होतं. लाल बोट आदल्या संध्याकाळी जिथे सोडली होती तिथेच, उत्तरेच्या बेटाजवळ, चिमणीतून धूर काढत उभी.

"चालतंय!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बायको हातातलं काम टाकून धावत आली.

"काय चालतंय?"

"बोटी!"

"बरं," ती म्हणाली. "आणि शनिवारचं?"

थांबारावचा चेहरा उतरला. शनिवारचं तो साफ विसरला होता. खरं सांगायचं तर विसरायला त्याला आवडलं होतं.

शनिवारचं काय होतं, ते सांगायला हवं. थांबारावचा एक साडू होता. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. दुसऱ्या गावात राहणारा, गाडी चालवायला शिकवण्याचा क्लास असलेला, आवाजाने आणि अंगाने दोन्हीकडून मोठा माणूस. दोघांचं कधी वाकडं नव्हतं, तसं सूतही नव्हतं. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी मात्र ठिणगी पडली. हॉलबाहेर अरुंद जागेत थांबाराव गाडी मागे घेत होता, त्याच्या पद्धतीने, इंच इंच बघत. साडू येऊन खिडकीशी उभा राहिला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर शिकवायला लागला. "स्टिअरिंग पूर्ण फिरवा. पूर्ण! अहो, घाबरता काय? माझ्याकडे अठरा वर्षांची पोरं एका दिवसात शिकतात हे!" पाहुणे हसले. थांबाराव गाडीतून उतरला, किल्ली साडूच्या हातावर ठेवली, म्हणाला, "मग तुम्हीच लावा," आणि न जेवता पायी घरी आला.

त्यानंतर पुढचा सबंध हिवाळा आणि उन्हाळा दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. बहिणी बिचाऱ्या मधल्यामध्ये अडकल्या. शेवटी त्यांनीच फोनवर डोकी लढवून तोडगा काढला. दोघांनाही कॉम्प्युटरवर खेळायची आवड आहे, मग एकत्र खेळा. समोरासमोर बसायला नको, तोंड बघायला नको. मोठ्या बहिणीच्या मुलाने दोन्ही घरी एक गेम टाकून दिला, कानाला लावायचे हेडफोन आणून दिले, आणि तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता दोन साडू एका पडक्या शहरात बंदुका घेऊन उतरायला लागले.

गेम असा की पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या. एकमेकांना शोधायचं आणि गोळ्या घालायच्या. थांबारावला त्याचा पहिल्या दिवसापासून मनस्वी कंटाळा होता. दर दोन मिनिटांनी कुणीतरी पाठीमागून येऊन त्याला ठार करायचं. कानात साडूचा आवाज घुमत राहायचा. "डावीकडे! डावीकडे घ्या! अहो, थांबलात काय! पळा!" संध्याकाळ संपायची तेव्हा त्याचे खांदे कानापर्यंत चढलेले असत. पण पंच्याहत्तरीचा विषय मिटला होता. सणासमारंभाला दोघं एकमेकांशी दोन वाक्यं बोलू लागले होते. बायको बहिणीला फोनवर सांगायची, "हे तर शनिवारची वाटच बघत असतात," आणि हे ऐकून थांबाराव गप्प बसायचा. इतक्या मुश्किलीने जुळलेलं कशाला मोडा?

त्या दिवशी पेनड्राइव्हवरच त्याने शनिवारचा गेम सुरू करून पाहिला. तो उघडला, क्षणभर थांबला आणि बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद.

"तो नाही चालायचा," पॅनेलवाली दुसऱ्या दिवशी म्हणाली. "त्या गेमबरोबर एक पहारेकरी येतो. खेळणारा लबाडी करत नाही ना, ते बघायला. त्याला ही सिस्टिम ओळखीची नाही. ओळख नाही म्हणून आत सोडत नाही."

"ओळख करून देता येत नाही?"

"ते गेमवाल्यांनी करायचं. तुमच्या-माझ्या हातात नाही."

"मग दोन्ही ठेवू? ही पण आणि ती पण? शनिवारपुरती ती?"

"ठेवता येतं. पण ज्या दाराची कडी तुटलीय तेच दार दर शनिवारी सताड उघडायचं, असं होईल ते. आणि मी काल वाचलं, तुमचा हा गेम पुढच्या महिन्यापासून जुन्या विंडोजवर चालणारच नाही म्हणे. नवीच लागणार." तिने वायरीचं टोक दातात न धरता चिमट्यात धरलं, कारण साहेब जवळून जात होता. "म्हणजे गेम हवा असेल तर नवा कॉम्प्युटर. गेम नको असेल तर हा पेनड्राइव्ह. मधलं काही नाही."

मधलं काही नाही! थांबारावचं उभं आयुष्य मधल्यात गेलेलं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायकोने क्षणाचाही विचार केला नाही. "नवा घेऊ या. जुना नाहीतरी खडखड करतो. शनिवार मोडायचा नाही. तुम्हाला माहीत आहे, ताईने त्या महिन्यांत किती रडून काढलंय ते?"

"थांब, बघतो."

"बघा. पण दुकानात जाऊन बघा."

म्हणून तो दुकानात गेला. कॉम्प्युटरचं मोठं दुकान होतं, आत थंडगार हवा आणि काचेच्या डब्यांतून गरगरणारे रंगीत पंखे. विक्रेता तरुण आणि उत्साही होता.

"कोणते गेम खेळता, सर?"

थांबारावने शनिवारच्या गेमचं नाव सांगितलं. विक्रेत्याचे डोळे चमकले. "वा! मग हे मशीन बघा. यावर शत्रू तुम्हाला दिसायच्या आधी तुम्हाला शत्रू दिसेल."

त्याने तो गेम मोठ्या पडद्यावर लावूनच दाखवला. तेच पडकं शहर, पण आता प्रत्येक वीट स्पष्ट. धुळीचा कण न् कण दिसत होता. थांबाराव त्या गल्लीच्या तोंडाशी बघत उभा राहिला, आणि त्याचे खांदे आपोआप कानापर्यंत चढले. शनिवारी संध्याकाळी चढतात तसेच. म्हणजे हे जे आपल्याला नको आहे तेच जास्त मोठं, जास्त लख्ख आणि जास्त वर्षं टिकेल असं विकत घ्यायला आपण आलो आहोत! हा विचार त्याला इतका सरळ सुचला की तो दचकलाच.

"पॅक करू, सर?"

"नको," थांबाराव म्हणाला.

विक्रेत्याला काही वाटलं नाही, पण थांबाराव स्वतःच्या तोंडून निघालेल्या त्या शब्दाकडे वळून बघत राहिला. 'थांबा, बघतो' म्हणायचं राहूनच गेलं होतं. बाहेर फुटपाथवर येऊन तो बराच वेळ दुकानाच्या पायरीशी उभा होता. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, तीच परत आली, तरी हा तिथेच. मग त्याने पॅनेलवालीला फोन लावला.

"पेनड्राइव्हवरचं पक्कं कसं बसवायचं?"

"आधी तुमचं काय काय जपायचंय ते दुसरीकडे कॉपी करा," ती म्हणाली. "फोटो, अहवाल, बोटी. मग 'इन्स्टॉल' दाबा. दाबलंत की मागे फिरता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

शुक्रवारी त्याची बदली सुट्टी होती. बायको कामावर गेली होती. फोटो कॉपी केले. अहवाल कॉपी केले. बोटींची फाइल दोन ठिकाणी ठेवली, मग तिसऱ्या ठिकाणीही ठेवली. मग ते बटण समोर आलं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. लिफ्टचा मुख्य स्विच बंद करताना तो नेहमी एकदा मागे वळून बघतो, आत कुणी नाही ना म्हणून. तसं त्याने खोलीत वळून बघितलं. खोलीत कुणीच नव्हतं. चादरीचे पडदे वाऱ्याने हलत होते. त्याने बटण दाबलं.

पांढरी पट्टी सरकायला लागली तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती बायकोची. दुसरी साडूची. पट्टी मध्यावर आली तोवर त्याला दरदरून घाम फुटला होता. पुढचं कसं निस्तरायचं याचा त्याने काहीही विचार केलेला नव्हता. एवढं मोठं पाऊल विचार न करता टाकायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तीही अशा ठिकाणी!

संध्याकाळी बायको आल्यावर त्याने सांगून टाकलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"विचारलं तरी असतंत."

"विचारलं असतं तर नवा घ्यावा लागला असता."

"मग घ्यायचा! पैशांसाठी केलंत का हे?"

"नाही गं." त्याने खिडकीकडे बघितलं. "मला तो गेम आवडत नाही. कधीच आवडला नाही. शनिवार उजाडला की सहा वाजूच नयेत असं वाटतं."

बायकोने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "हे आधी का नाही बोललात?"

"तुम्ही दोघी एवढ्या खुश होतात."

"बरं," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग होता, पण तो पातळ झालेला. "पण भावोजींना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही, आणि ताईकरवी निरोपही नाही. तुम्ही, तुमच्या तोंडाने. आणि सहा वाजायच्या आत. ते तिकडे हेडफोन लावून वाट बघत बसले आणि तुम्ही आलाच नाहीत, असं व्हायला नको."

शनिवारी दुपारी थांबारावने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. चौथ्यांदा बायकोनेच नंबर लावून त्याच्या कानाला धरला, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. दार मात्र तिने उघडं ठेवलं.

"हॅलो! बोला साडूभाऊ!" तिकडून आवाज आला. "काय, लवकर उतरायचं का आज?"

"नाही. म्हणजे, साडूभाऊ, एक सांगायचं होतं." थांबारावने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझा कॉम्प्युटर जुना झाला होता. विंडोज बंद पडायच्या बेतात होतं. तर मी काल सिस्टिम बदलली. लिनक्स टाकलं."

"बरं?"

"त्याच्यावर आपला गेम चालत नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग साडूने सावकाश विचारलं, "आज चालत नाही?"

"आज नाही, नंतरही नाही. या कॉम्प्युटरवर कधीच नाही. आणि मी नवा घेणार नाहीये."

थांबारावला त्या अरुंद जागेतली गाडी आठवली, हसणारे पाहुणे आठवले, तो मुका हिवाळा आठवला. झालं, संपलं, असं त्याला वाटलं.

"एक मिनिट हं," साडू म्हणाला. फोनवर हात ठेवल्यासारखा खरखर आवाज झाला. पण शिकाऊ ड्रायव्हरांवर ओरडून कमावलेला तो आवाज, तो काय तळहाताने झाकला जाणार? थांबारावला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अगं ए! ऐकलंस का? त्यांचा गेम बंद पडला! कायमचा! सुटलो गं बाई, सुटलो!"

मग खरखर थांबली आणि साडू अगदी मयताच्या घरी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "अरेरे. फार वाईट झालं हो, साडूभाऊ."

थांबारावला आधी राग आला. कानशिलं तापली. आपण या माणसासाठी एवढे शनिवार जाळले, खांदे दुखवून घेतले, आणि हा 'सुटलो' म्हणतो? फोन ठेवून द्यावा असं त्याच्या मनात आलं. पण 'सुटलो' हा शब्द कानात घोळत राहिला, आणि बघता बघता तो त्याला ओळखीचा वाटायला लागला. काल पांढरी पट्टी शेवटाला पोचली तेव्हा त्याच्या छातीतून जो श्वास बाहेर पडला होता, त्याला हाच शब्द होता.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "ऐकू आलं मला."

"काय ऐकू आलं?"

"'सुटलो गं बाई' ऐकू आलं."

पलीकडे एवढी शांतता पसरली की तिकडच्या घरातला पंखा ऐकू यायला लागला.

"मीही सुटलो," थांबाराव म्हणाला.

आणि मग साडू हसला. आधी नाकातून, मग घशातून, मग असा काही की त्याला खोकलाच आला. इकडे थांबारावचेही खांदे हलायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली. हा रडतोय की हसतोय, हे तिला कळेना.

"अहो, काय सांगू तुम्हाला," साडू धापा टाकत म्हणाला, "मला तो गेम सुरू झाला की गरगरतं. शप्पथ! ते शहर असं फिरतं ना डोळ्यांपुढे! मी शनिवारी दुपारी जेवत नाही. खेळायच्या आधी मळमळीची गोळी घेतो."

"मग एवढं ओरडता कशाला? 'पळा, पळा' म्हणून?"

"भीतीने! मला अर्धा वेळ आपण कुठे आहोत हेच कळत नसतं. डावीकडे काय, उजवीकडे काय, तोंडाला येईल ते ओरडतो. तुम्ही तरी पुढे गेलात तर तुमच्या मागून जाता येईल म्हणून."

"मी तुमच्या मागून यायचो."

"म्हणून तर दोघंही मरायचो!"

पुन्हा हसणं. मग साडूचा आवाज जरा खाली आला. "दिवसभर माणूस शिकाऊ पोरांच्या शेजारी बसतो, साडूभाऊ. पाय सतत ब्रेकवर. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना. संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटरी दगड झालेली असते. आणि शनिवारी पुन्हा हे. त्यात तर ब्रेकही नाही. पण हिला वाटायचं तुम्हाला फार आवडतो. तुम्ही शनिवारची वाट बघत असता म्हणे."

"इकडे ही म्हणायची, तुम्ही वाट बघत असता."

"त्या दोघींनी मिळून आपल्याला..."

"त्यांना काही बोलू नका," थांबाराव घाईने म्हणाला, कारण बायको तिथेच उभी होती आणि तिच्या भुवया वर गेल्या होत्या. "चांगल्यासाठीच केलं त्यांनी. आणि जमलंच की. बोलतोय ना आपण."

"ते खरं." साडूने घसा खाकरला. पुढचं बोलायला त्याला जड जात होतं, हे फोनवरूनही कळत होतं. "त्या दिवशी गाडीपाशी मी जास्तच बोललो. सवय लागली आहे हो. खिडकीशी उभं राहिलं की तोंड आपोआप सुरू होतं. घरी हिने मला धारेवर धरलं होतं. पण फोन करायचा धीर होईना."

"मीही जेवून जायला हवं होतं," थांबाराव म्हणाला. "जेवण चांगलं होतं म्हणे."

"कसलं चांगलं! अळणी होतं सगळं."

एवढं बोलून तो विषय दोघांनी तिथेच सोडला. पुढे साडूने विचारलं की मग एरवी काय खेळता, आणि थांबारावने, जरा अवघडून, बोटींबद्दल सांगितलं. उतारू, सायकली, बकऱ्या सगळं. साडूने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "त्यात गरगरत नाही?"

"पाणी असतं, पण संथ."

"बघायला पाहिजे एकदा. पण आधी एक काम करा. ते तुमचं लिनक्स मलाही टाकून द्या."

"तुमचा कॉम्प्युटर नवा आहे की. तुम्हाला काय गरज?"

"गरज कशी नाही? उद्या हिने दुसराच कुणी जोडीदार शोधून आणला, तर काय सांगू? 'आमच्याकडे चालतच नाही' असं म्हणता आलं पाहिजे ना!"

फोन ठेवेपर्यंत थांबारावचा कान लाल झाला होता. जीव कसा भांड्यात पडला होता. बायकोने सगळं ऐकलंच होतं, तरी तिने पुन्हा सगळं विचारून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे एवढे शनिवार तुम्ही दोघं एकमेकांसाठी मरत होतात, आणि आम्ही दोघी तुमचा गेम नीट चालावा म्हणून त्या वेळी एकमेकींना फोनसुद्धा करत नव्हतो! टीव्हीचा आवाज बंद करून बसायची मी."

"मला काय माहीत?"

"कुणालाच काही माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि हसायचं नाही असं ठरवूनही हसली.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. नव्या सिस्टिमवर त्याचा जुना प्रिंटर हूं की चूं करेना. पॅनेलवालीने सांगितलेले उपाय करून झाले, तिने न सांगितलेलेही करून झाले. शेवटी त्याने हात टेकले आणि अहवाल कंपनीत छापायचे ठरवले. साहेबाने कारण विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "घरचा प्रिंटर चालत नाही." साहेब म्हणाला, "बरं." इतकंच. या प्रश्नावर आपण आधी निदान आठवडाभर घोळत बसलो असतो, असं थांबारावला वाटून गेलं.

पण हे पुढचं. त्या शनिवारी सहा वाजले तेव्हा तो सवयीने कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. हेडफोन हातात घेतले आणि मग आठवण झाली. त्याने ते गुंडाळून खणात ठेवले. बोटी सुरू कराव्यात असं मनात आलं, पण तेवढ्यात बायकोने दारातून विचारलं, "येता का जरा बाहेर? हवा छान आहे."

"येतो," तो म्हणाला आणि चपला घालायला उठला.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी सायकलचं चाक काढून फुटपाथवर उलटंपालटं करून बघत बसलं होतं. समोरच्या इमारतीला लावलेल्या शिडीवर चढून एक बाई खिडकीची काच पुसत होती. फळवाल्याने गाडीवरचं अर्धं फडकं आवरलं होतं, अर्धं बाकी होतं. बायको बहिणीने फोनवर काय काय सांगितलं ते सांगत होती, कारण तेवढ्या वेळात दोघींचं बोलणं होऊनही गेलं होतं. थांबाराव अधूनमधून 'हं' म्हणत तिच्या बरोबरीने चालत होता. वळणापाशी ऊन थेट तोंडावर आलं आणि त्याने डोळ्यांवर हात धरला. शनिवारी या वेळेला बाहेर एवढा उजेड असतो, हे तो विसरूनच गेला होता.